चौथ्या वर्षाचा निबंध

रामकिसन : पुन्यांदा सांग बे, शंकऱ्या. जीभच वळंना.

शंकरप्पा : वळंल की पाटील. हैदराबादच्या हायस्कुलात चार वरसं फ्रेंच शिकलाव आपन दोघं. उमापूरपासनं चकलांब्यापतोर लोक तुमाला फ्रेंच पाटील म्हनतेत.

रामकिसन : म्हनू दे. अकरा सालं झाली. फ्रेंच कोनासंगं बोलू, बैलासंगं? आन् मला तुमी-पाटील करू नको. एका खोलीत ऱ्हायलेलो आपन.

शंकरप्पा : एका खोलीतच ऱ्हायलो, पाटील. म्हनून तर ही येळ आली.

रामकिसन : जुनं उकरू नको बे. उंद्या आपला फ्रेंचीचा लाम्बेर मास्तर जालन्याला उतरून टांग्यानं येनार हाय. म्हातारा कायमचा आपल्या मुलकाला चाललाय. जायच्या आधी लाडक्या शागीर्दाला बघायचं म्हनून वाकडी वाट करून येतोय. चावडीपुढं मांडव घातलाय. तहसीलदार सभेचे सदर हायेत. त्यांनी फर्मावलंय, पाटील, भाषन तुमी फ्रेंचीत करा. इज्जतीचा सवाल हाय.

गंगासागर : पाटील, गूळपानी घेता का?

रामकिसन : नको काकू. लेकराला सांगा तुमच्या, नीट शिकव म्हनून.

गंगासागर : त्याला शिकवायचंच हुतं की. त्याच हायस्कुलात मास्तर हुनार हुता. तवापासनं ह्या दुकानात गूळ फोडतोय.

शंकरप्पा : अव्वा, तू ऱ्हाऊ दे. वाचा पाटील. फ्रेंच बोल मोडीत लिवून दिलेत, अक्षरं तरी वळखीची हायेत ना?

रामकिसन : अक्षरं कळतेत, मतलब कळंना. ही पयली ओळ काय म्हनती?

शंकरप्पा : 'मास्तर, तुमी आमचे गुरू. आज समद्यांपुढं मन मोकळं करतो.'

रामकिसन : झकास. दुसरी?

शंकरप्पा : 'चौथ्या वरसाला तुमी जो निबंध वर्गापुढं वाचून दाखवला, त्यो मी जन्मात इसरनार न्हाई.'

रामकिसन : हे कावून घातलं?

शंकरप्पा : मास्तरला तोच याद असंल. 'माझ्या आईची सकाळ.' वाचता वाचता डोळे पुसले हुते म्हाताऱ्यानं.

रामकिसन : असू दे मंग. पुढं?

शंकरप्पा : पुढं आईची तारीफ. मंग मास्तरला दुवा. शेवटी आपल्या गेवराईचं वर्नन.

रामकिसन : लई लांब हाय. ह्यातलं मी कंदी शिकलोच न्हाई वाटतं.

शंकरप्पा : शिकलाच न्हाई तुमी. पयल्या वरसाला मेज, कुर्सी, खिडकी. तवा तुमी पतंग उडवायचात. दुसऱ्या वरसाला काल काय केलं, उंद्या काय करनार. तुमचं काल आन् उंद्या मी लिवलं. तिसऱ्या वरसाच्या चिठ्ठ्या मीच लिवल्या. चौथ्या वरसाला तर तुमाला लिवायचीबी गरज पडली न्हाई.

रामकिसन : झालं ते झालं बे. पोरवय हुतं. हे बघ, म्हातारा मधीच काय इचारू लागला तर?

शंकरप्पा : 'वी' म्हना.

रामकिसन : वी म्हंजी?

शंकरप्पा : होय. जे इचारंल त्याला वी. मान हलवून, जरा आदबीनं.

रामकिसन : वी. वी. हे बेस हाय. पन शंकऱ्या, घोटाळा न्हाई ना काई? तुज्या मनात काय असंल तर आत्ताच सांग.

शंकरप्पा : हे गळ्यातलं लिंग हातात घिऊन सांगतो. ह्या कागदात एक लफ्ज जरी खोटा असंल, तर माझ्या जिभेला किडं पडतील.

रामकिसन : बास. लिंगायताची शपथ म्हंजी मोहोर. तू दिलाचा मोठा हायेस बे. उंद्या ये मांडवात, मागं कुठंतरी बस.

शंकरप्पा : न्हाई, मी दुकानातच हाय.

(पाटील कागदाची घडी पटक्यात खोचून, 'वी, वी' घोकत पायऱ्या उतरतो.)

गंगासागर : गेला. आता माझ्याकडं बघ. लिंग हातात घिऊन खोटं बोललास?

शंकरप्पा : न्हाई अव्वा. कागदात हाय ते समदं खरं हाय.

गंगासागर : आन् त्याला मतलब सांगितलास त्यो?

शंकरप्पा : त्याची शपथ कुठं घेतली मी?

गंगासागर : काय लिवलंयस, शंकर?

शंकरप्पा : लिवलंय, 'मास्तर, त्यो निबंध माझा न्हवता. माझा खोलीतला सोबती जेवायला गेलता तवा त्याच्या पेटीतनं काढून मी उतरून घेतला. तुमच्या मेजावर एकसारखे दोन कागद आले, तवा मी आधी रडलो आन् आईची आन घेतली. तुमी त्याला नकलची ठरवलं, हायस्कुलातनं त्याचं नाव काटलं.'

गंगासागर : आई गं!

शंकरप्पा : अजून हाय. नाव कुनाचंच घातलं न्हाई, वाचताना वळखंल म्हनून. 'त्या निबंधातली आई पहाटं न्हाऊन डाव्या तळहातावर लिंग ठेवती, बेल वाहती, मंग चूल पेटवती. माझी आई ती न्हवं. आमची जात येगळी. आमच्या घरी बायकांच्या गळ्यात लिंग नसतं. उतरून घेताना मला तेवढंबी सुचलं न्हाई.'

गंगासागर : तवा तू सांगितलं न्हाईस व्हय, मास्तरला?

शंकरप्पा : गळ्यातलं लिंग काढून दाखवलं. राम्या म्हनला, आमच्याकडं घरोघर बाया अशीच पूजा करतेत. फ्रान्सचा मानूस त्यो, त्याला काय ठावं? त्यानं मान हलवली.

गंगासागर : म्हंजी माझी पूजा त्यानं स्वताच्या आईच्या नावावर खपवली.

शंकरप्पा : मास्तरकी गेली त्याचं दुख गिळलं मी. तुला चोरली, ते गिळता आलं न्हाई. अकरा वरसं आत जळतोय, अव्वा. गुळाची ढेप फोडताना दर टायमाला त्याचं डोस्कं दिसतं.

गंगासागर : सुट्टीला आलास की माझ्या मागं मागं फिरायचास. पीठ, पानी, चूल, समद्याला त्यांच्या भाषेत काय म्हनतेत ते सांगायचास. मी म्हनायची, एक एक नाव शिकून काय हुनार?

शंकरप्पा : चार वरसांनी त्याच नावांची तू झालीस. पीठ, पानी, चूल जोडूनच लिवलाय त्यो निबंध.

गंगासागर : पाटलाला कळलं तर दुकान जाळंल.

शंकरप्पा : कोन सांगनार? मांडवात हजार मानूस बसंल, पन फ्रेंच एकालाच कळतं. लोक टाळ्या वाजवतील. तहसीलदार हार घालतील. म्हाताऱ्याचं तोंड पांढरं पडंल, तर राम्याला वाटंल आपल्या भाषनानं गहिवरला.

गंगासागर : म्हंजी त्याला सजा झाल्याचंबी कळनार न्हाई? मंग ह्यो कसला सूड?

शंकरप्पा : म्हातारा परत जहाजात बसंल तवा त्याच्या मनातला लाडका शागीर्द मेलेला असंल. राम्या जन्मभर त्याच्या चिठ्ठीची वाट बघंल. चिठ्ठी यायची न्हाई. मला तेवढं पुरं हाय.

गंगासागर : मास्तरला पटायचं न्हाई. इचारंल, खरं का हे?

शंकरप्पा : इचारू दे की. समद्या गावापुढं राम्या मान हलवून म्हनंल, वी.

गंगासागर : लई जहरी झालास रे तू.

शंकरप्पा : झालो.

गंगासागर : आन् ते शेवटी गेवराईचं वर्नन हाय म्हनलास, त्यात काय?

शंकरप्पा : पत्ता. 'चावडीच्या मागं चिंच हाय, चिंचेखाली किराण्याचं दुकान. ज्या आईची सकाळ तुमी वर्गात वाचली, ती तिथं बसती.'

गंगासागर : म्हंजी उंद्या त्यो म्हातारा हितं येईल?

शंकरप्पा : मला वाटतंय, येईल.

गंगासागर : मंग ती पेटीवरली गोनी सरकव. हिरवं लुगडं काढून ठेवते.