दुसरं फूल

(देऊळघाटचा दवाखाना. डॉक्टरीणबाई नुकत्याच दिल्लीहून आल्या आहेत. दवाखान्यातली दाई जनकाबाई त्यांची पेटी उघडून कपडे काढते आहे.)

जनकाबाई : आन् हे लुगडं वापस काऊन आणलं, बाई? तुमच्या मायसाठी देल्लं होतं न म्या. भावाच्या हाती देजा म्हणलं होतं.

डॉक्टरीणबाई : राहू द्या ते पेटीतच, जनकाबाई.

जनकाबाई : भाऊ आलाच नाई का?

डॉक्टरीणबाई : आला होता.

जनकाबाई : मंग देव पावला म्हणा! लढाईपासूनची ताटातूट. गळ्यातच पडला असंन.

डॉक्टरीणबाई : नाही हो. संमेलनाला देशोदेशीचे डॉक्टर होते. त्यात आम्हा लात्वियाच्या लोकांची रांग वेगळी. सगळे दुसऱ्या महायुद्धात घरदार सोडून पळालेले. कोणी अमेरिकेतून आलेलं, कोणी ऑस्ट्रेलियातून. छातीवर जो तो आता राहतो त्या देशाचं नाव लावून. माझ्या नावाखाली 'भारत'. लात्विया कोणाच्याच छातीवर नव्हतं, ते आता रशियाच्या ताब्यात.

जनकाबाई : आन् भाऊ?

डॉक्टरीणबाई : तो वर, मंचावर. रशियाच्या पाहुण्यांत. दोन्ही बाजूंना सरकारची माणसं. आमच्याशी बोलायची त्याला मनाई होती. बोलला असता तर परत गेल्यावर त्याचं काही खरं नव्हतं.

जनकाबाई : सख्ख्या बहिणीसंगं बोलाची मनाई? मेल्यांच्या घरी माय-बहीण नाई का?

डॉक्टरीणबाई : मला एकच विचारायचं होतं. आई कशी आहे.

जनकाबाई : हाव, मोटारीत बसेपर्यंत तेच बोलून राह्यल्या होत्या तुमी.

डॉक्टरीणबाई : शेवटी पाहुण्यांनी खाली उतरून गुलाब वाटले. तो आमच्या रांगेत आला. प्रत्येकाला एक फूल दिलं. मला दोन.

जनकाबाई : पाहा! बोलता नाई आलं तं फुलानं सांगतलं. बहीण म्हून एक जास्तीचं देल्लं. लय माया हाय त्याची.

डॉक्टरीणबाई : आमच्याकडं जित्या माणसाला एक द्यायचं, नाहीतर तीन, पाच. दोन फुलं मयताला वाहतात.

जनकाबाई : अगं माय!

डॉक्टरीणबाई : मलाही वाटलं, घाईत चुकून दोन आली असतील. मी एक परत करायला हात पुढं केला. त्यानं घेतलं नाही. पुन्हा माझ्याच मुठीत दाबलं, तेव्हा कळलं. मग मी म्हणाले, 'थँक यू, डॉक्टर.' सख्ख्या भावाला. रडलेसुद्धा नाही. रडले असते तर त्या माणसांना कळलं असतं.

जनकाबाई : कवा गेली माय?

डॉक्टरीणबाई : काय माहीत! कदाचित मागच्या महिन्यात, कदाचित मी इथं यायच्याही आधी. मी मात्र रोज तिच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होते. माझं काळीज फाटतंय, जनकाबाई.

जनकाबाई : रडा, बाई. इथं कोन पाह्यते? कोणाले सांगतलं अजून?

डॉक्टरीणबाई : कोणालाच नाही. तुम्हालाच.

जनकाबाई : मंग आजपासूनच सुतक. आपल्या इकडं दूरचं माणूस गेलं तं आईकलं तवापासून धरतात. उठा. पाणी तापवतो, डोक्यावरून घ्या.

डॉक्टरीणबाई : बाहेर धाड गावची बाई बाळंतपणाला आली आहे बैलगाडीतून.

जनकाबाई : तिले म्या पाह्यलं. येळ हाय तिले अजून. आज तुमी पयले लेक, मंग डॉक्टर.

डॉक्टरीणबाई : मला तुमच्यातलं काही करता येत नाही हो.

जनकाबाई : काई येवा लागत नाई. पाणी घेताना मायचं नाव घ्या, बस. काय नाव होतं तिचं?

डॉक्टरीणबाई : मिल्दा.

जनकाबाई : मिल्दामाय, तुही लेक आमच्यापाशी हाय वं. तू घोर नोको करू.

डॉक्टरीणबाई : जनकाबाई...

जनकाबाई : काय झालं, बाई? चुकलं का माह्यं काई?

डॉक्टरीणबाई : नाही. तिचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून फार वर्षं झाली. पुन्हा एकदा घ्या.