कडक कवचाचे अक्रोड

ड्यूटी संपवून नर्स दुकानात रांगेला उभी होती. तिला घरी जायची घाई, आणि पुढचे आजोबा दुकानदाराशी अक्रोडांवरून हुज्जत घालत होते.

“हे परत घे बाबा. नुसते बोटांनी दाबले तरी फुटतात.”

“अहो, मुद्दाम तुमच्यासाठी पातळ कवचाचे काढून ठेवले होते!”

“डॉक्टर म्हणाले, हृदयाला चांगले, रोज चार खा. चार काय, दोन मिनिटांत संपतात.”

“मग सोललेलेच न्या ना, कटकटच नको.”

“छे! कडक कवचाचे दे. हातोडीने ठोकावे लागतात ना, तसले.”

“एवढी ठोकाठोक? शेजारी ओरडत नाहीत?”

“ओरडतात की! खालच्या मजल्यावरची बाई रोज तरातरा वर यायची भांडायला. या आठवड्यात कोणीच आलं नाही.”