ओला चीक

ऐका. आन् ऐकायचं नसंल तर घोंगडी वढून गप झोपा, मधी मधी चुळबूळ नको.

ही गोष्ट माझ्या बाची, रामोजीची. आय अडली व्हती. बा अंधार पडताना कंदील घिऊन निघाला, रान आन् मधला वढा वलांडून पल्याडच्या वाडीतनं सुईन आनायला. जाताना करवंदीच्या डहाळ्या मोडत गेला, शेंडा घराकडं. आपली रीतच हाय ती, परतताना चकवा नको म्हनून.

त्या साली रानातली झाडं सोलल्याली दिसायची. कुनी म्हनं अस्वल, कुनी म्हनं गवा. आरं, अस्वलाची नखं उमटत्यात! गव्याचं शिंग तितकं वर जातंय व्हय? साल निघाल्याली दोन पुरुष उंचीवर. आन् कशी? केळ सोलावं तशी! बाच्या मनात तवापासनंच पाल चुकचुकत व्हती.

सुईन म्हंजी हौसामावशी. जिभंला हाड न्हाई, पर हाताला यश. दोघं निघाली. मोडकी डहाळी दिसली की बा म्हनायचा, "हितनं." फुडं आनिक एक. "हितनं." चालत्यात, चालत्यात, आन् वढा काय येईना!

मावशी थांबली. "रामोजी, येताना वढा लागला का न्हाई?"

"लागला की."

"मग गिळला काय कुनी?"

तिनं डहाळी चाचपली, बोटं कंदिलाशी धरली. पांढरा चीक. ओला!

"मुडद्या, तुझ्या डहाळीचा चीक कवाच वाळला असंल. ही आत्ता मोडल्याली हाय. आपल्या फुडं कुनीतरी चालतंय."

तेवढ्यात अंधारात, कट्! आनिक एक मोडली. मग फुडनं कन्हनं ऐकू आलं. आयचा आवाज! "अवो, या की लवकर..." बा धावलाच असता. मावशीनं थोबाडीत दिली. "अडल्याली बाई रानात येती व्हय, येड्या!"

फिरली माघारी. हातानं जाळ्या चाचपत. ओल्या चिकाची डहाळी लागली की सोडायची, वाळल्या चिकाची लागली की धरायची. मागनं कट्, कट्. वढा लागला तवा दोघं रडली. कोंबडा आरवायला मी जल्मले. मावशी म्हनाली, "पोरगी हाय, पर जित्ती हाय."

आन् सकाळी बा दार उघडतो तर काय! आंगनातला फनस वरनं सोलल्याला. कुंपनाची करवंदी मोडल्याली. शेंडा आमच्या दाराकडं. चीक ओला.

म्हनून सांगती, त्या वाटनं जाऊ नगा. मोडक्या डहाळीच्या मागं तर मुळीच नगा.

आन् आता खरं बोला. मघाशी येताना कुंपनाची करवंदी कुनी मोडली?

कुनीच न्हाई?

मग उठ रं कुनीतरी. कडी लाव आधी.