भंगारातल्या गाडीची वाट

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, रुग्णवाहिका केंद्रातले माझे सहकारी आणि आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या मोजणीबाई, सर्वांना नमस्कार. शेजारच्या खोलीत फोन चालू आहेत, म्हणून दार उघडं ठेवलंय. बोलताना माझं लक्ष तिकडे गेलं, तर समजून घ्या.

‘मोजणीबाई’ हे नाव साहेबांनी चिडून ठेवलं. जवळची गाडी शोधणारा आपला प्रोग्रॅम तेव्हा अचानक मंदावला होता. फोनवर माणूस रडतोय आणि पडद्यावर उत्तर नाही. साहेबांनी बजावलं, संध्याकाळपर्यंत सुधारा, नाहीतर प्रोग्रॅम बंद आणि तो लिहिणाराही घरी. लिहिणारा म्हणजे मी, कॉलेज अर्धवट सोडलेला. अंतर काढायचं माझं गणितच जड असणार, असं सगळ्यांनी धरलं. खरं सांगू? मीही धरलं, आणि घाईघाईने ते खोडायला बसलो.

बाईंनी कीबोर्ड ओढून घेतला. “मोजलंस का?”

“मोजायला वेळ कुठाय, बाई?”

“न मोजता खोडायला बरा वेळ आहे.”

त्यांनी प्रोफायलर लावला. चालत्या प्रोग्रॅममध्ये तो सारखा डोकावतो आणि कुठे किती वेळ गेला ते दाखवतो. पण त्या डोकावण्याने प्रोग्रॅम आणखी रेंगाळतो. नेमका तेव्हाच फोन आला. एका मुलीच्या वडिलांना श्वास घेता येईना. साहेब म्हणाले, आधी तो प्रोफायलर काढा. बाईंनी आपल्या फोन घेणाऱ्या काकांना भिंतीवरचा नकाशा बघून गाडी पाठवायला सांगितलं आणि मोजणी चालूच ठेवली. आमच्यापैकी तरी कुणी श्वास घेत होतं का, आठवत नाही.

आलेख उमटला. माझ्या गणिताची रेघ इतकी बारीक, की शोधावी लागली. जवळजवळ सगळा वेळ जात होता वाट पाहण्यात. प्रोग्रॅम प्रत्येक गाडीला ‘कुठे आहेस’ विचारायचा. त्यातली एक नुकतीच भंगारात गेली होती, आणि हा दर वेळी तिच्या उत्तरासाठी ताटकळत बसायचा. यादीतून ती काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा धावू लागला. ती भंगारात धाडली कुणी, हे मी विचारणार नाही. साहेब, आता हसायला हरकत नाही. ते वडीलही वाचले.

उद्यापासून बाईंच्या खुर्चीत मी. अडलं तर फोन करू का, असं काल विचारलं. म्हणाल्या, “कर. पण आधी मोज.”

बाई, तुमचे आभार, आणि सर्वांनी ऐकून घेतलंत म्हणून तुमचेही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला आणि... फोन वाजला. एक क्षण.

तिकडून काकांनी हात वर केला, पडद्यावर उत्तर लगेच आलं. गाडी निघाली. बाई, बघितलंत ना?