बाहेरची व्यक्ती

नाही, सही करत नाही म्हटलं ना, पेन पुढे सरकवू नका. — अहो, ऐकून घेतलं की मी सगळं! गिअरबॉक्स, एसी, ते काय कॉम्प्युटरचं डोकं, सगळ्याचा खर्च कंपनी देणार, आणखी तीन वर्षं. पण मला एक सांगा, गाडी विकताना तुम्हीच म्हणालात ना, दहा वर्षं बघायला नको म्हणून? आता पहिली वॉरंटी या महिन्यात संपतेय, तर लगेच म्हणता, मॅडम, कधी बंद पडेल नेम नाही! म्हणजे जेवण झकास झालंय म्हणायचं आणि ताटाशेजारी पोटदुखीची गोळी ठेवायची. — हसू नका. आणि महाग म्हणून नको म्हणतेय असंही समजू नका, परवडतं मला. नवरा तर म्हणतो, घेऊन टाक, डोक्याला ताप नको. पण हा ताप मला हवाय, त्याला तुम्ही काय करणार?

हे खालचं, बारीक अक्षरातलं, वाचलंत कधी? थांबा, मीच वाचते. ‘बाहेरच्या व्यक्तीने गाडीचे काम केल्यास वॉरंटी रद्द.’ बाहेरची व्यक्ती! कोण हो बाहेरची? — ते तिकडे पाणी पिताहेत ना, काचेतून तुमचं वर्कशॉप बघताहेत, ते माझे वडील. उभा जन्म गॅरेज चालवलं त्यांनी. गुडघे गेले, गॅरेज विकलं, माझ्याकडे राहायला आले. मी हौसेनं नवी गाडी आणून त्यांच्यापुढे उभी केली, तर तुमच्या माणसानं पहिलं काय सांगितलं? ‘काका, बॉनेट उघडायचं नाही हं!’ आणि नाही उघडलं त्यांनी. लेकीचं नुकसान नको म्हणून. रोज सकाळी गाडी पुसायची, चाकं पुसायची, मग हात मागे बांधून तिच्याभोवती चकरा मारायच्या, दुसऱ्याच्या बागेत फिरावं तशा. हळूहळू बोलणं कमी झालं. मग जेवण. आताशा रोज एकच — ‘संपली का गं वॉरंटी?’ पोरं सुट्टीची वाट बघतात ना, तसं. आज पान्यांची पेटी बरोबर घेऊन आलेत, डिकीत आहे, बघा जाऊन — आणि तुम्ही म्हणताय, आणखी तीन वर्षं!

काय? फडकं? हो, सर्व्हिसिंग करताना सापडलं असेल इंजिनावर. माझंच आहे, पुसताना विसरले. — असं बघू नका माझ्याकडे. बरं, नाही माझं. परवा राहवलं नाही त्यांना. मी वरून बघत होते, खिडकीतून. इकडे तिकडे पाहिलं, इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं, आणि नुसते वाकून उभे राहिले, कान देऊन. किती वेळ! मी हाक नाही मारली. कशी मारणार? आणि फडकं आतच राहिलं. पेटलं असतं, ठाऊक आहे मला! हात कापतात त्यांचे, तेही ठाऊक आहे, तुम्ही नका शिकवू. ब्रेकला हात लावू देणार नाही मी, तेवढी अक्कल आहे. त्यांचं काम झालं की दुसऱ्याकडून गुपचूप तपासून घेईन, आणि गेलाच गिअरबॉक्स तर माझ्या खिशातून भरीन. तुमचा हिशेब बरोबर आहे हो. अगदी बरोबर आहे. तरीही नाही. एकदा नाही, दहादा नाही. गाडी काय, दुसरी मिळते — गप्प, गप्प, आले ते. ते फडकं टेबलावरून खाली घ्या आधी!

झालं बाबा, निघूया. — छे, घोटाळा कसला? हे म्हणत होते, वॉरंटी वाढवून घ्या. मी म्हटलं, गरज नाही, आमच्या घरात माणूस आहे. — अहो, बघत काय बसलात? किल्ली द्या. माझ्या नाही, त्यांच्या हातात.