भोपळा समोरच्या दारात

...आणि भोपळा खाल्ला हो! लाल भोपळा! माझ्या अनीशने! पोह्यांतली कोथिंबीर चिमटीने वेचून ताटाच्या कडेला सुकत घालणाऱ्या माझ्या पोराने! आणि कुठे खाल्ला? माझ्या घरी? छे! समोरच्या दारात, श्रद्धाकडे! मी काही जळत नाही हं, उगाच गैरसमज नको.

तुम्हाला सांगते, सहा वर्षं मी या पोरामागे वाटी घेऊन फिरतेय. मांजर्लीत आमच्या बिल्डिंगचा असा एक जिना नाही जिथे मी पालक सांडला नाही! आणि ही श्रद्धा, अंबरनाथ वेस्टहून आत्ता दिवाळीत राहायला आली, तिचा समर्थ आणि आमचा अनीश एका वर्गात, हा आमचा खेळायला गेला आणि येताना ढेकर देत आला! म्हटलं, "काय खाल्लंस रे?" तर म्हणे, "मी वाटाणे वाचवले!"

वाचवले?

तर या श्रद्धाबाईंचा खेळ ऐका. ताटात वरण ओतायचं, ती उल्हास नदी. मध्ये भाकरी, ती आपली बिल्डिंग. भाकरीच्या गच्चीवर वाटाणे, गाजर, भोपळा, सगळे अडकलेत. आणि ही श्रद्धा ओरडणार, "पूर आला रे! पाणी चढतंय! बोट कुठंय, बोट?" की पोरं आ करणार... तोंड म्हणजे बोट! घ्या! आमची गाडी खऱ्या पुरात छतापर्यंत बुडाली होती, तेव्हा एक बोट आली नाही वेळेवर, आणि इथे भोपळ्याला लगेच बोट! पण मी जळत नाही हं.

मग मीही केलं. का नाही करणार? दुसऱ्या दिवशी सकाळपासून खपले. पोळीचा चेहरा, काकडीचे डोळे, गाजराचं नाक, बिटाचे ओठ, मेथीच्या मिशा! इतका देखणा माणूस मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. अनीशने बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, "आई, हे काका आहेत. मी काकांना नाही खाणार." आणि ताटावर रुमाल पांघरला. झोपवलं हो त्यांना! संध्याकाळी समर्थ खेळून गेला, नंतर रुमाल उचलते तर ताट रिकामं, म्हटलं ह्यांनीच संपवलं असणार!

आमचे हे, अभिजीत, सकाळी म्हणतात, "अगं, श्रद्धावहिनींना विचार ना, नक्की कसं करतात." वहिनी! मला सहा वर्षांत कोणी काही विचारलं नाही आणि तिला आल्या आल्या वहिनी! मी तशीच उठले. जळत नव्हते, पण आज हिला सांगायचंच, माझ्या पोराला जेवू घालायचं नाही, म्हणून बेल दाबली.

दार उघडलं तर श्रद्धाचे डोळे लाल. मीच गडबडले. "काय गं, काय झालं?"

"नीलिमा, खरं सांग," ती म्हणते, "तू माझ्या समर्थला काय खायला घातलंस? घरी एक घास गिळत नाही. त्याच्यासाठीच मी पुराचं काढलं, तर म्हणतो मला पोहता येत नाही. तुझा अनीश खातो, हा नुसता बघतो. आणि काल तुझ्याकडून आला तो सांगतो, नीलिमाकाकूंकडे मी एका माणसाचं नाक खाल्लं! कान मागत होता माझ्याकडे! मला ना गं... राग आला तुझा."

तुम्हाला सांगते, इतकं बरं वाटलं! रुमालाखालचे काका गेले कुठे ते आत्ता कळलं! मी तिला मिठीच मारली. दोघी रडलो, हसलो, आणि ठरवून टाकलं... रोज संध्याकाळी पोरांची अदलाबदल. अनीश तिच्याकडे, समर्थ माझ्याकडे.

आता अनीश गुटगुटीत झालाय. परवा शाळेत बाईंनी माझ्यासमोरच कौतुकाने विचारलं, "अरे वा, भाज्या कोण खाऊ घालतं तुला?"

"श्रद्धाकाकू!"

"आणि आई?"

"आई समर्थला भरवते."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... पोरगं खोटं थोडंच बोलत होतं!