येळवशीची सुट्टी

तासाभरावरच्या बार्शीहून आलेली दुसरी गाडीही रिकामी झाली, पण धुरपदाबाईचा ल्योक काही उतरला नाही. भूमच्या स्टँडवर ती तशीच बसून राहिली. शेजारच्या बाकड्यावर बापलेकीचं बोलणं चाललं होतं.

"आण्णा, सोलापूरला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग मिळतंय, पुण्याला कॉम्प्युटर सायन्स. आज ठरवायचंय."

"दोनीत फरक काय गं, बाई?"

"एकात सॉफ्टवेअर नीट बनवायला शिकवत्यात. दुसऱ्यात मशीनला मुळात काय जमतं न् काय न्हाय, ते. मला तेच लई जाणून घ्यायचंय."

"आन् येळवशीच्या सणाला सुट्टी कशात हाय? शेतात आंबील प्यायला येशील न्हवं?"

"दोनीतबी न्हाय, आण्णा. तवाच परीक्षा असत्यात."

"मग पुण्यालाच जा."

"आवं, सोलापूर जवळ पडतंय की. आईबी तेच म्हणती."

"म्हणूनच. लांब हाय म्हणून आली न्हाय, अशी मनाची समजूत तरी घालता येती. जवळ असून आली न्हाईस, तर काय समजूत घालू?"

बार्शीची आणखी एक गाडी फलाटाला लागली. धुरपदाबाईनं मान वर केली नाही.